लिंबू-मोसंबीच्या पानाफळांवरचे डाग : बुरशी आत शिरते केव्हा आणि आपल्याला दिसते केव्हा?

कादवाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमची शेती दिंडोरी तालुक्यात आहे. मुख्य पीक द्राक्षच, परंतु वडिलांनी बांधाच्या कडेने लावलेली कागदी लिंबाची साठ-सत्तर झाडे आणि विहिरीजवळची मोसंबीची चाळीस झाडे अजून उभी आहेत. द्राक्षाच्या पानाकडे आम्ही दिवसातून दोनदा पाहतो. लिंबाकडे मात्र तोडणीच्या दिवशीच लक्ष जाते, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलणे ऐकून घ्यायला सोपे जाईल.

यंदा पोळ्यापासून या झाडांवर एकाच वेळी बरेच काही दिसू लागले. कागदी लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खडबडीत, तपकिरी, पिवळ्या कड्याचे ठिपके आहेत. मोसंबीच्या जुन्या पानांच्या खालच्या बाजूला तेल सांडल्यासारखे काळपट डाग असून ती पाने गळत आहेत; अशी काही पाने तर उन्हाळ्यातच दिसली होती. पाण्याचा ताण (फुले एकदम यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणे) नीट न बसल्यामुळे झाडांवर आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची मोठी फळे आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची लहान फळे अशी दोन्ही आहेत. त्यांपैकी जमिनीलगतची मोठी फळे तपकिरी होऊन पडत आहेत, तर काही लहान फळांच्या सालीवर गालावरून ओघळलेल्या अश्रूंसारखे खरखरीत पट्टे उमटले आहेत.

गावातल्या दुकानातून एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि एक टॉनिक अशी तीन औषधे एकत्र करून मिळाली आणि ती आम्ही दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारली. एकही डाग कमी झाला नाही. दुकानदाराने तिसऱ्या फवारणीसाठी आणखी भारी औषध सुचवले, तेव्हा मला थांबावेसे वाटले. कोणते औषध मारू, हा प्रश्न मी विचारत नाही. बुरशी पानात आणि फळात नेमकी कशी शिरते, केव्हा शिरते आणि आमच्या दोन फवारण्या तिच्यापर्यंत का पोहोचल्या नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे.

सटाण्याचा डाळिंबवाला

दादा, सर्वांत आधी कागदी लिंबाचा विषय बाजूला काढा. तुम्ही वर्णन केलेला खडबडीत, पिवळ्या कड्याचा ठिपका हा खैऱ्या दिसतो आणि खैऱ्या ही बुरशी नाही, तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग आहे. आम्ही बागलाणात ज्या तेल्यामुळे डाळिंबाच्या बागा उपटल्या, तो तेल्यासुद्धा याच झँथोमोनास कुळातल्या दुसऱ्या जिवाणूमुळे होतो. त्यामुळे डाग कोणत्या वर्गातला आहे हे ठरवल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

गोंधळ नावांमुळेही होतो. डाळिंबावरचा तेल्या जिवाणूचा, पण मोसंबीच्या पानावरचा तेलकट डाग बहुधा बुरशीचा. दोन्हींना लोक तेल्याच म्हणतात आणि मग एकाचे औषध दुसऱ्यावर जाते. तुमच्याकडे तर एकाच टाकीत दोन्हींची औषधे गेली.

पर्णरंध्र

वर डाळिंबवाल्यांनी सांगितलेले योग्य आहे. मी अनेक वर्षे वनस्पतिरोगशास्त्र शिकवले असून आता निवृत्त होऊन नाशिकमध्येच राहतो. छायाचित्रावरून किंवा वर्णनावरून निदान करण्याचा मोह मी टाळतो, म्हणून आपल्याला आधी थोडे काम सांगतो. दहापट मोठे दिसणारे साधे हातभिंग घ्या आणि सकाळच्या उन्हात झाडाखाली जा.

लिंबाचे डागाळलेले पान उजेडासमोर धरा. ठिपका पानाच्या दोन्ही बाजूंना उंचावलेला, मध्ये ज्वालामुखीच्या तोंडासारखा खचलेला आणि भोवती पिवळे वलय असलेला असेल, तर तो खैऱ्या समजा. आसपास पाने पोखरणाऱ्या नागअळीच्या चंदेरी वळणदार रेषा आहेत का, तेही पाहा. कारण अळीने सोललेला भाग म्हणजे जिवाणूला आयते उघडे दार असते. याउलट स्कॅब या बुरशीजन्य रोगाचा फोड पानाच्या एका बाजूला शंकूसारखा वर येतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खड्डा दिसतो.

मोसंबीच्या झाडांना कलमाच्या जोडाखालून फुटवे आले असतील, तर त्यांची पाने आवर्जून तपासा. अश्रूंचे पट्टे असलेल्या फळावरून अंगठा फिरवा आणि स्पर्श कसा लागतो ते लिहा. गळलेले तपकिरी फळ नाकाशी धरा. शेवटचे म्हणजे, झाडाच्या आत डोके घालून वर पाहा आणि वाळलेल्या काड्या किती आहेत ते मोजा. माझा अंदाज असा आहे की आपल्या चाळीस झाडांवर किमान तीन वेगवेगळे रोग आहेत आणि त्या प्रत्येकाचा आत शिरण्याचा रस्ता निराळा आहे.

कादवाकाठ (धागाकर्ता)

सर, आज सकाळी दोन तास यातच घालवले. कागदी लिंबाचा ठिपका दोन्ही बाजूंना उंच आणि मध्ये खचलेला आहे. नागअळीच्या रेषाही आहेत, काही पानांवर तर ठिपके त्या रेषेवरच माळेसारखे ओवल्यागत बसलेले आहेत. म्हणजे खैऱ्या हे मान्य.

मोसंबीच्या जोडाखालून आलेल्या फुटव्यांबद्दल आपण का विचारले ते तिथे गेल्यावर कळले. मोसंबीचे कलम ज्या जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेले असते, त्याचे हे काटेरी फुटवे आम्ही कित्येक महिने काढलेलेच नाहीत. त्यांची कोवळी पाने वेडीवाकडी झाली असून त्यांवर राखाडी-गुलाबी रंगाचे चामखिळीसारखे फोड आहेत, एका बाजूला शंकू आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, अगदी आपण लिहिल्याप्रमाणे. गंमत अशी की त्याच झाडाच्या जोडावरच्या मोसंबीच्या पानांवर असा एकही फोड सापडला नाही.

अश्रूंच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला तर बारीक पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखे वाटले. भिंगातून पाहिल्यावर तो सलग पट्टा नसून तांबूस-काळ्या बारीक उंचवट्यांची रांग आहे, हे दिसले. गळलेल्या फळाची साल चामड्यासारखी घट्ट आहे, ती मऊ पडलेली नाही, आणि वास उग्र, आंबूस आहे. वाळलेल्या काड्यांचे विचारू नका. एका झाडाच्या मोजायला घेतल्या आणि साठ झाल्यावर सोडून दिले. द्राक्षाची छाटणी चुकली तर आम्हाला झोप लागत नाही आणि इथे वाळलेल्या काड्यांची ही सल वर्षानुवर्षे तशीच लटकत आहे.

पर्णरंध्र

उत्तम निरीक्षण आहे, आता सविस्तर लिहितो.

लिंबूवर्गीय पानाच्या वरच्या बाजूला मेणचट, जाड आवरण असते आणि श्वासोच्छ्वासाची छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, जवळजवळ सगळी खालच्या बाजूला असतात. बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचे सूक्ष्म बी, पानावर पडला म्हणजे रोग झाला असे नाही. त्याला रुजण्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो थर काही ठराविक तास टिकावा लागतो. रुजल्यावर त्यातून एक बारीक नळी निघते. त्यानंतर पानात शिरण्याचे मार्ग तीनच : कोवळे आवरण थेट भेदणे, पर्णरंध्रातून शिरणे किंवा जखमेतून शिरणे. आपल्या झाडांवर या तिन्हींची उदाहरणे मिळतील.

पहिले, जंबेरीच्या फुटव्यांवरचा स्कॅब. याची बुरशी एल्सिनोई फॉसेटी. तिचे बीजाणू जुन्या फोडांवरच तयार होतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून शेजारच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर पडतात. तिला ओलावा फार वेळ लागत नाही, तीन-चार तासही पुरतात; मात्र पान कोवळे असावे लागते. पान पूर्ण उलगडून तयार झाले की त्याचे आवरण तिला भेदता येत नाही. फळाच्या बाबतीत पाकळ्या गळल्यानंतरचे साधारण सहा ते आठ आठवडे धोक्याचे असतात. फोड म्हणजे झाडाचा प्रतिकार आहे : आत शिरलेल्या बुरशीभोवती झाड बुचासारख्या पेशींची भिंत बांधते आणि तीच आपल्याला चामखिळीसारखी दिसते. जंबेरीला हा रोग फार लवकर होतो, मोसंबीला क्वचितच; म्हणून एकाच बुंध्यावर जोडाच्या खाली रोग आणि वर स्वच्छ पाने असा देखावा आपल्याला दिसला. हे फुटवे तसेही झाडाचे अन्न खातात, ते मुळापासून काढून टाका. येथे औषधाची गरजच नाही.

दुसरा, अश्रूंचे पट्टे. स्पर्शावरून हा मेलॅनोज वाटतो आणि त्याची बुरशी डायापोर्थे सिट्री. ही बुरशी हिरव्या पानावर किंवा फळावर आपले बीजाणू तयार करत नाही, ती वाढते वाळलेल्या काड्यांवर. काडीच्या सालीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात आणि पाऊस झाला की त्यांतून बीजाणू बाहेर येऊन पाण्याबरोबर खाली ओघळतात. तो ओघळ फळावरून ज्या वाटेने जातो, त्या वाटेने बीजाणू रुजतात, म्हणून पट्ट्याचा आकार अश्रूसारखा असतो. सुमारे २५ अंश तापमानाला दहा-बारा तास ओल टिकली की लागण होते आणि पाकळ्या गळल्यानंतर सुमारे १२ आठवड्यांपर्यंतच फळ तिला बळी पडते. आता आपल्या दोन बहारांचा हिशेब करून पाहा. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे त्या फळांचे नाजूक १२ आठवडे उन्हाळ्यात कोरडे निघून जातात आणि अवकाळी झाला नाही तर ती वाचतात. मृग बहाराच्या फळांचे तेच १२ आठवडे भर पावसात येतात. म्हणून आपली मोठी फळे गुळगुळीत आणि लहान फळे खरखरीत आहेत.

तिसरा, जुन्या पानांवरचा तेलकट डाग, ग्रीसी स्पॉट. मला स्वतःला हा रोग सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण माणसाच्या उतावीळपणाशी त्याचे अजिबात जमत नाही. त्याची बुरशी झॅस्मिडियम सिट्री-ग्रिसियम झाडाखाली पडून कुजणाऱ्या पानांत वाढते. तो पाचोळा पावसाने किंवा पाण्याने भिजला की त्यातून बीजाणू हवेत फेकले जातात, वर जातात आणि पानाच्या खालच्या बाजूला चिकटतात. तिथे ती लगेच आत शिरत नाही. उबदार, दमट रात्री मिळत गेल्या तर ती पानाच्या पृष्ठभागावर बारीक धाग्यांनी पसरत राहते आणि मग एकेका पर्णरंध्रावर गादी बसवून त्यातून आत उतरते. आत उतरल्यावरही वरून काही दिसत नाही. पेशी हळूहळू सुजतात, पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा डाग येतो आणि त्यानंतर खाली तेलकट काळसर फोड दिसतात. लागण आणि डाग यांत दोन-तीन महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. उन्हाळ्यात आपल्याला दिसलेली पाने बहुधा मागच्या पावसाळ्यातली होती. वर्षानुवर्षे संशोधकांनाही या डागाचे कारण नीट लागत नव्हते; बुरशीची पाचोळ्यातली अवस्था व्हाइटसाइड या संशोधकाने १९७२ मध्ये वर्णन केली, तेव्हा रोग झाडावर असला तरी त्याचे उगमस्थान जमिनीवर आहे, हे पक्के झाले.

आता आपल्या दोन फवारण्यांबद्दल. डाग पाहून आपण फवारलेत, म्हणजे स्कॅबच्या बाबतीत पान तयार झाल्यानंतर, मेलॅनोजच्या बाबतीत लागण होऊन गेल्यानंतर आणि ग्रीसी स्पॉटच्या बाबतीत दोन-तीन महिने उशिरा. शिवाय फवारा बहुधा वरून पडला असेल आणि ग्रीसी स्पॉटच्या बुरशीचे दार तर पानाखाली आहे. मेलेल्या पेशी कोणत्याही औषधाने पुन्हा हिरव्या होत नाहीत. त्यामुळे जुना डाग पुसला जातो का हे पाहून औषधाची परीक्षा करू नये, नव्या पालवीवर डाग येतो का ते पाहावे.

तपकिरी पडून गळणाऱ्या फळांविषयी इथे कोणी विदर्भातले असतील तर त्यांनी लिहावे. त्यांचा अनुभव माझ्या पुस्तकी ज्ञानापेक्षा मोठा आहे.

वरूडचा, सध्या सातपूर

सर, बोलावलेत म्हणून लिहितो. आमच्या घरी संत्र्याची बाग आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबे बहाराच्या फळांचा सडा पडलेला मी लहानपणापासून पाहत आलो आहे. घट्ट चामड्यासारखी साल, उग्र वास आणि जमिनीपासून हात-दोन हातांवरचीच फळे, ही खूण फायटोफ्थोराची. झाडाच्या बुंध्यावर डिंक गळतो तो डिंक्याही याच कुळाचा.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या एका कार्यक्रमात हे फार सोपे करून सांगितले होते. फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाही. ती पाण्यातली बुरशी, म्हणजे तुमच्या द्राक्षावरच्या डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) गणगोतातली. तिचे बीजाणू शेपटीने पोहतात. जमीन वाफसा सोडून चिबड, म्हणजे पाणी साचून चिखलट झाली की ते पोहत मुळांपर्यंत जातात आणि मोठ्या थेंबांचा पाऊस पडला की चिखलाच्या शिंतोड्यांबरोबर उडून खालच्या फळांवर बसतात. म्हणून शेंड्याचे फळ सुटते आणि जमिनीकडे झुकलेले सापडते.

आमच्या वडिलांनी औषधाआधी तीन कामे केली. बुंध्याला टेकणारे आळे मोडून बुंध्यापासून दूर दुहेरी आळे केले, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या उचलल्या किंवा काढल्या. पडलेली फळे रोज गोळा करून बागेबाहेर खोल पुरली. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्टचा हात असतोच : एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कादवाकाठ भाऊ, तुमच्या विहिरीजवळची जमीन काळी आणि पाणी धरणारी असेल, तर चाळीस झाडांच्या मध्ये एक चर काढा. आमच्याकडे त्या चराने जेवढी फळे वाचवली, तेवढी पंपाने वाचवली नाहीत.

गच्चीवरचे लिंबू

मी शेतकरी नाही. इंदिरानगरमध्ये गच्चीवर मोठ्या कुंडीत एक लिंबाचे झाड आहे आणि त्याची पाने वरून काजळी धरल्यासारखी काळी झाली आहेत. फळांवर दोन-तीन खडबडीत ठिपकेही आहेत. हीसुद्धा आत शिरणारी बुरशी आहे का आणि अशा लिंबाचे लोणचे घालावे का, असे दोन घरगुती प्रश्न विचारते.

पर्णरंध्र

ताई, ओल्या फडक्याने पान पुसून पाहा. काळेपणा निघून खाली स्वच्छ हिरवे पान दिसले, तर ती कोळशी आहे. ही बुरशी पानात शिरतच नाही. काळी माशी, मावा किंवा पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा टाकतात, त्याच्यावर ती जगते आणि पानाचा उजेड मात्र अडवते. म्हणून बंदोबस्त किडीचा करावा, काजळी आपोआप सुटते. जाता जाता एक गोष्ट सांगतो. लिंबाच्या पानाखाली पांढऱ्या माशीच्या पिलांवर कधी कधी नारिंगी-लाल फोडांसारखी बुरशी दिसते. ती अ‍ॅशर्सोनिया, ती माशीची पिले मारते. तिला पाहून घाबरू नका आणि तिच्यावर ताम्रयुक्त औषध तर मुळीच मारू नका.

लोणच्याचे म्हणाल तर खैऱ्या, स्कॅब आणि मेलॅनोज हे तिन्ही सालीपुरतेच असतात, रसाला ते पोहोचत नाहीत. मात्र लोणच्यात आपण साल खातो, तेव्हा खडबडीत भाग चाकूने काढून टाका. फळ मऊ पडलेले, वास येणारे किंवा हिरवी पावडर धरलेले असेल तर ते संपूर्ण टाकावे.

अनुभवी बागायतदार, निफाड

इतकी चर्चा कशासाठी, हेच मला समजत नाही. द्राक्षाला मारतो तोच एक टक्का बोर्डो दर पंधरा दिवसांनी लिंबाला मारावा आणि विषय संपवावा. आमचे आजोबाही हेच करत आले.

पर्णरंध्र

बोर्डोबद्दल मला आदरच आहे. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठातील मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण जगासमोर ठेवले ते द्राक्षावरच्या डाऊनीसाठीच, तेव्हा निफाडकरांना ते जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बोर्डोतले ताम्र हे पानाच्या बाहेर पहारा देणारे औषध आहे, आत शिरलेल्या शत्रूला ते हात लावू शकत नाही. पहारेकरी चोरीच्या आधी उभा राहिला तरच उपयोगाचा. नवती चतुर्थांश उलगडली असताना, पाकळ्या गळताना आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मारलेला बोर्डो स्कॅबला अडवतो; दर पंधरवड्याला पंचांग पाहून मारलेला त्याच्या निम्मेही काम करत नाही. मेलॅनोजवर बोर्डो मारत राहायचे आणि डोक्यावर साठ वाळलेल्या काड्या तशाच ठेवायच्या, हे तर गळक्या छपराखाली रोज फरशी पुसण्यासारखे आहे.

दुसरे असे की उन्हाच्या तडाख्यात मारलेले ताम्र फळाच्या सालीवरचे जुने डाग अधिक काळे आणि ठळक करते आणि उपकारक बुरशा मारल्यामुळे खवले कीड वाढवते. ताम्र जमिनीत साठत जाते, हा हिशेब वेगळाच.

अनुभवी बागायतदार, निफाड

पहाऱ्याचा मुद्दा पटला. द्राक्षातही पाऊस येण्याच्या आधी मारलेल्या फवाऱ्याचे आणि नंतर मारलेल्याचे अंतर आम्ही जाणतो, लिंबाच्या बाबतीत तो विचार केला नव्हता. मात्र मिश्रण तयार करण्याबद्दल नवख्यांसाठी लिहून ठेवतो : मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावेत, लोखंडी भांडे वापरू नये, प्रत्येकी एक किलोला एकूण पाणी शंभर लिटर, तयार मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहावा आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी, नाहीतर कोवळी पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

पंचवटी यार्ड

मी लिंबाचा व्यवहार करतो, म्हणून बागेनंतरची गोष्ट लिहितो. गोणी उघडल्यावर एखाद्या लिंबावर आधी पांढरा आणि मग मध्यभागी शेवाळी-हिरवा भुकटीचा थर दिसतो, ती हिरवी बुरशी. शेतकऱ्यांना वाटते की ती आमच्या गाळ्यात लागली. बहुतेक वेळा तिचे दार बागेतच उघडलेले असते.

पेनिसिलियम डिजिटॅटम असे तिचे नाव. धडधाकट सालीवर तिचे बीजाणू कितीही पडले तरी काही होत नाही. तिला जखम लागते, मग ती काट्याचे टोचणे असो, नखाचा ओरखडा असो किंवा आकडीने हिसडून तोडताना देठाजवळ फाटलेली साल असो. सालीतली तेलाची पिशवी फुटली की ते तिच्यासाठी आमंत्रणच ठरते. म्हणून पहाटे दवात, फळ पाण्याने तट्ट फुगलेले असताना तोडणी करू नका, ऊन येऊन फळ सुकू द्या. देठ कात्रीने कापा, जमिनीवर पडलेले फळ वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा. श्रीगोंद्याकडून येणाऱ्या मालात जो शेतकरी एवढे पाळतो, त्याच्या गोणीत आम्ही हात न घालता भाव करतो.

सटाण्याचा डाळिंबवाला

कागदी लिंबाचा खैऱ्या मागे राहू नये म्हणून दोन ओळी. रोगट काड्या कोरड्या दिवशी छाटून जाळा, नवतीवर नागअळीचा बंदोबस्त करा, पाने ओली असताना बागेत काम करू नका आणि ताम्र इथेही नवतीवरच. नवीन झाडे लावणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई शरबतीचा विचार करा, तिच्यावर खैऱ्या तुलनेने कमी येतो. आमच्या एका नातलगाने स्वस्तात मिळाली म्हणून दाराशी आलेल्या गाडीतून शंभर रोपे घेतली होती. खैऱ्याचे ठिपके त्यांच्यावर आधीपासूनच होते, फक्त कोणी पाने उलटून पाहिली नव्हती.

कादवाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. या आठवड्यात जंबेरीचे सगळे फुटवे काढले, बुंध्याजवळची आळी मोडली आणि विहिरीकडून ओढ्याकडे चर खणायला घेतला. झाडांखालचा पाचोळा गोळा करून खड्ड्यात भरला व वर माती टाकली. तिसरी फवारणी केली नाही, ते पैसे दोन मजुरांच्या रोजात गेले आणि चाळीस झाडांची सल निघाली. ढीग छातीएवढा झाला.

पेटवण्याआधी त्यातल्या चार काड्या उचलून घरी आणल्या. प्लॅस्टिकच्या डब्यात ओले वर्तमानपत्र अंथरून त्यावर त्या ठेवल्या आणि झाकण लावले. तीन दिवस काही नव्हते. आज सकाळी भिंगातून पाहिले तर तीन काड्यांवरच्या काळ्या ठिपक्यांतून शेवईच्या तुकड्यासारखे पिवळट-पांढरे तंतू बाहेर आलेले आहेत आणि त्यांवर पाण्याचा एक थेंब टाकताच ते विरघळून दुधाळ होऊन खाली ओघळले. सर, हाच मेलॅनोज का?

पर्णरंध्र

तंतू म्हणजे बीजाणूंचेच गोळे, एवढे नक्की. मात्र वाळलेल्या काडीवर इतरही अनेक बुरशा असेच तंतू काढतात, त्यामुळे त्या डायापोर्थेच आहेत असे सूक्ष्मदर्शकाशिवाय मी म्हणणार नाही. डबा तसाच बंद ठेवून मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि काड्या ज्या झाडांच्या होत्या, ती झाडे आठवतात का?

कादवाकाठ (धागाकर्ता)

चारही काड्यांना सुतळीने झाडाचा क्रमांक बांधला होता. तंतू निघालेल्या तीनही काड्या विहिरीच्या कठड्याकडच्या झाडांच्या आहेत आणि अश्रूंचे पट्टे असलेली फळे मी तिथलीच तोडून आणली होती. चौथी काडी रस्त्याकडच्या झाडाची. त्या झाडाखाली आत्ता जाऊन आलो, फळे गुळगुळीत आहेत. डबा सोमवारी केंद्रात नेतो.